थिजलेल्या संगणकाचा पंचनामा

संगणक बंद पडणे आणि संगणक थिजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बंद पडलेला निदान तसे दाखवून तरी देतो. थिजलेल्याचे तसे नसते. पडद्यावरचा बाण हलतो, घड्याळही चालते. पण फाइल उघडावयास जावे तर ती उघडत नाही, आणि चालू प्रोग्राम बंद करू म्हटले तर तोही बधत नाही. या दुखण्याचे मूळ पुष्कळदा साठवणुकीत, म्हणजे डिस्कमध्ये किंवा तिच्याकडे जाणाऱ्या वाटेत असते. मग कोणीतरी बटण दाबून संगणक पुन्हा सुरू करतो. सर्वांना हायसे वाटते. पण कारण कायम असल्याने दुखणे उलटण्याची टांगती तलवार राहते, आणि बटणासरशी पुरावा मात्र पुसला गेलेला असतो.

हा पुरावा असतो तरी कोठे? लिनक्सचे उदाहरण घेऊ. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या या प्रणालीवर आज असंख्य सर्व्हर चालतात. तिचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो घडेल त्याची टिपणे स्मृतीत ठेवतो. तेथून दुसरा एक प्रोग्राम ती डिस्कवरील फाइलीत उतरवितो. गोम आहे ती येथेच. डिस्कच अडली तर टिपणे उतरणार कोठे? घराला आग लागल्याची वर्दी त्याच घरातल्या जळत्या टेलिफोनवरून देण्यासारखा हा प्रकार! नंतर फाइल पाहावी, तर नेमक्या त्या वेळेची पाने कोरी. जुन्या काळच्या चुंबकीय कड्यांच्या स्मृतीत वीज गेली तरी नोंद टिकत असे. आजची स्मृती वीज जाताच रिकामी होते.

डिस्ककडे मागणी करून उत्तराची वाट पाहणारा प्रोग्राम अशा गाढ निद्रेत जातो, की त्याला ठार करण्याची आज्ञाही ऐकू जात नाही. लिनक्स या अवस्थेला ‘डी’ म्हणते. ही निद्रा १२० सेकंदांहून लांबली, की सामान्यतः कर्नल त्या प्रोग्रामचे नाव आणि तो कोणत्या कार्यांच्या साखळीत अडकला ते टिपून ठेवतो. खरा ऐवज ही साखळीच होय. दोष डिस्कचा, फाइल-व्यवस्थेतील एखाद्या कुलपाचा, की नेटवर्कपलीकडच्या साठवणुकीचा, याचा माग जाणकाराला तीवरून लागतो.

ही साखळी मागूनही घेता येते. व्यवस्थापकाच्या अधिकाराने ‘इको’ आज्ञेने ‘डब्ल्यू’ हे एकच अक्षर ‘प्रॉक’मधील ‘सिसआरक्यू-ट्रिगर’ या फाइलीत लिहावे; अडकलेल्या सर्व प्रोग्रामांची यादी कर्नल आपल्या टिपणांत घालतो. ही फाइल नावाचीच. ती डिस्कवर नसतेच. ‘इको’ही आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामच्या पोटातच असल्याने डिस्कवरून आणावी लागत नाही. उलट ‘डीएफ’सारखी साधी आज्ञा द्यावी, तर तीच अडकून बसते आणि हातची खिडकी जाते. काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीनदा यादी घ्यावी. साखळी दर वेळी तीच असेल तर प्रोग्राम बहुधा खरोखर अडकला आहे. बदलत असेल तर काम केवळ मंद आहे. टिपणे स्मृतीतल्या ‘रन’ फोल्डरात ठेवून दुसऱ्या यंत्राकडे पाठवावीत. तेही न जमले तर मोबाइलने पडद्याचे छायाचित्र घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

काही तजवीज मात्र आधीच हवी. ‘नेटकन्सोल’ कर्नलची टिपणे नेटवर्कवरून परस्पर दुसऱ्या संगणकाकडे पाठवितो. त्याला डिस्क लागतच नाही. ‘केडम्प’ची युक्ती याहून धाडसी. २००५ साली लिनक्समध्ये आलेल्या या सोयीत एक लहानसा दुसरा कर्नल स्मृतीच्या राखीव कोपऱ्यात बसवून ठेवतात. मुद्दाम ‘सी’ अक्षर देऊन पहिल्याला कोसळवले, की दुसरा जागा होऊन पहिल्याच्या स्मृतीची प्रत काढतो. ही प्रत त्याच आजारी डिस्कवर उतरवू गेल्यास सगळाच खटाटोप फुकट. म्हणून ती दुसऱ्या यंत्रावर पाठवावी. आणखी एक. त्या क्षणी स्मृतीत असलेले कोणाचे पत्र, कोणाचा पासवर्ड त्या प्रतीत जसाच्या तसा असू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याने मागितली तरी, ती कोणाच्या हाती जाणार हे विचारल्यावाचून देऊ नये.