रोजगार हमी म्हणजे मदत नव्हे

रोजगार हमी म्हणजे गावातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते देण्याचे शासनावर असलेले कायदेशीर बंधन. तिला सरकारी मदत समजण्याची चूक सर्रास होते. 1972च्या दुष्काळात निघालेली खडी फोडण्याची कामे लोकांच्या आठवणीत आहेत, हे त्याचे एक कारण. ती दुष्काळी कामे (टंचाईपुरती काढलेली मजुरीची कामे) होती. सरकारने ती काढली तरच मिळत.

शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायला त्याची मर्जी लागते, सार्वजनिक विहिरीवर मात्र कोणाचे उपकार नसतात. हमीचे काम सार्वजनिक विहिरीसारखे आहे.

महाराष्ट्रात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979पासून लागू झाला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता (कामाअभावी मिळणारी रक्कम) देणे शासनावर बंधनकारक झाले. योजनेच्या खर्चासाठी 1975पासूनच व्यवसाय कर बसला होता. म्हणजे मुंबईतल्या मालवणी चाकरमान्याच्या पगारातूनही गावच्या मजुरीला हातभार लागला. ही बाब फारशी सांगितली जात नाही, ती सांगायला हवी. 1990पासून फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली आणि सिंधुदुर्गात काजू-आंब्याच्या लागवडीला तिचा आधार मिळाला.

कायद्याने कोणाला सामावले हेही पाहायला हवे. अमेरिकेत 1935च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर आणि घरकामगारांना वगळले होते. कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचा मोठा भाग त्यामुळे बाहेर राहिला. महाराष्ट्राच्या कायद्यात मात्र भूमिहीन शेतमजूरच केंद्रस्थानी होता.