सुई रुग्णाच्या हाती आली त्याची गोष्ट

१९६३ साली सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचल्याला जेमतेम चार दशकं झाली होती. त्या काळी मधुमेहाच्या शुश्रूषेचं सगळं साहित्य वॉर्डातल्या एका टेबलावर मावायचं: काचेची सिरिंज, ती उकळायचं भांडं, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टचं निळं द्रावण. पाच मिलीलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत विटकरी झालं तर भरपूर. पण रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही आणि खाली घसरलेली तर या चाचणीत दिसतच नाही. दरदरून सुटलेला घाम, हाताची थरथर, असंबद्ध बोलणं हे सिस्टरच्या नजरेलाच टिपावं लागे.

पुढे एकदाच वापरायच्या सिरिंजा आल्या, बोटाच्या थेंबावर साखर सांगणारं ग्लुकोमीटर आलं, १९८५ साली इन्सुलिनचं पेन आलं. सुई रुग्णाच्या हाती गेली आणि परिचारिकेचं काम टोचण्याकडून शिकवण्याकडे सरकलं. हे शिकवणं जिवाशी निगडित आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलीलिटरला ४० युनिटचं असतं, काही १०० युनिटचंही मिळतं. १००चं औषध ४०च्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट होतो.

सोलापुरात या शिकवणीला गावाचा रंग चढतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि फ्रिज प्रत्येक घरात नसतो. अशा घरी बाटली ओल्या मातीच्या मडक्यात ठेवायला सांगावं लागतं. मराठीत सांगितलेलं पूर्व भागातल्या विणकर घरात तेलुगूत आणि अक्कलकोटकडच्या रुग्णाला कन्नडमध्ये पुन्हा सांगावं लागतं. ज्वारीची भाकरी चांगली, पण ती मोजूनच, हेही समजवावं लागतं. आषाढीला पंढरपूरकडे अनवाणी निघालेल्या मधुमेही वारकऱ्याच्या बधिर पायाला खडा टोचल्याचं कळत नाही. म्हणून पाय रोज बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, चप्पल सोडू नका, असं त्याला आधीच बजावावं लागतं.

इतर ग्रंथींच्या आजारांतही बरंचसं असंच आहे. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम थांबवायचं नाही. रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. २०२१च्या कोरोना लाटेत स्टेरॉइड आणि बेफाम वाढलेली साखर एकत्र आली, तेव्हा राज्यभर काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे नेले, हे आपण पाहिलं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढ्यांना डॉक्टरांची दोन मिनिटं पुरणार नाहीत. साठ वर्षांत साधनं बदलली, पण समजावून सांगायला लागणारा वेळ कमी झालेला नाही. डिस्चार्जच्या कागदावर सही घेण्याआधी रुग्णाने स्वतः सुई टोचून दाखवावी आणि ते बघायला सिस्टरला अर्धा तास मिळावा. हा अर्धा तास ड्युटीच्या तक्त्यात धरलाच पाहिजे. पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे.