देवाला विचारलेले घरगुती प्रश्न : ‘स्मृतिचित्रे’मधील विनोद आणि ख्रिस्ती श्रद्धा

हरिशंकर परसाई यांच्या ‘भोलाराम का जीव’ या कथेत धर्मराजाच्या दरबारात एक विलक्षण पेच उभा राहतो. मृत्यू पावलेल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याचा जीव यमदूताच्या हातून निसटला आहे आणि त्याच्या शोधासाठी नारद पृथ्वीवर येतो. हा शोध जबलपुरातील घमापूर या मोहल्ल्यात सुरू होतो आणि सरकारी कचेरीतील पेन्शनच्या फाइलीत संपतो. घमापूर, गोहलपूर यांसारख्या जुन्या, दाट वस्त्यांचे हे शहर परसाईंचे कर्मस्थान होते. तेथेच १९९५ साली त्यांचे निधन झाले. कथेतील देव, दूत आणि नारद हे सर्व हास्याचे साधन आहेत. हास्याचे लक्ष्य मात्र अर्जांवर ‘वजन’ ठेवल्याशिवाय न हलणारी माणसांची व्यवस्था हे आहे. स्वर्गाविषयीचा कोणताही प्रश्न येथे खऱ्या अर्थाने विचारलेला नाही. भोलारामच्या जीवाला स्वर्ग नको असतो. त्याला आपली फाइल सोडवत नाही.

भारतीय भाषांतील आधुनिक विनोदात देव पुष्कळदा असा पाहुणा म्हणून येतो. तो आहे काय, तो ऐकतो काय, त्याने उच्चनीच भेद निर्माण केले काय, त्याच्यावर विसंबून चूल पेटते काय, हे प्रश्न गंभीर लेखनाकडे सोपविले जातात आणि विनोद समाजाच्या वाट्याला येतो. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४–३६) वेगळेपण या ठिकाणी जाणवते. या ग्रंथातील विनोदाची वाखाणणी मराठी समीक्षेने सातत्याने केली आहे. तथापि हा विनोद आणि ग्रंथातील ख्रिस्ती श्रद्धा या दोन गोष्टी बहुधा निरनिराळ्या खान्यांत ठेवल्या गेल्या. विनोद हा लक्ष्मीबाईंचा स्वभावधर्म आणि धर्मांतर हा त्यांच्या चरित्रातील प्रसंग, अशी ही वाटणी आहे. ती सोयीची असली तरी ग्रंथाला न्याय देणारी नाही. श्रद्धेविषयीचे मूलभूत प्रश्न येथे विनोदाच्या द्वाराच विचारले गेले आहेत, आणि ज्या तऱ्हेने ते विचारले गेले ती तऱ्हा मराठीतील ख्रिस्ती लेखनाला त्यापूर्वी अवगत नव्हती.

योगायोगाची गोष्ट अशी, की या कथानकाचा आरंभही जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते त्याच परिसरात झाला. नारायण वामन टिळक यांनी नागपुरास काही काळ संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधली सुमारे पाच वर्षे हे ‘स्मृतिचित्रे’चे मर्मस्थान होय.

मराठीत ख्रिस्ती श्रद्धेविषयी प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्सच्या सुमारे ११ हजार ओव्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची (१६१६) रचनाच श्रोत्यांचे प्रश्न आणि पाद्रीची उत्तरे यांवर उभी आहे. मात्र तेथे प्रश्न विचारणारा शिकण्यासाठी बसला आहे. उत्तर आधीच ठरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात प्रश्नोत्तरांची जागा वादाने घेतली. १८३०–३१ च्या सुमारास जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर, १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी असे जाहीर वाद झाले. या वादवाङ्मयात हास्य नाही असे नव्हे. पण ते उपहासाचे हास्य आहे आणि त्याची दिशा ठरलेली आहे : एका पक्षाने पुराणांतील देवांच्या चरित्रांवर हसावे, दुसऱ्याने बायबलमधील विसंगतींवर. हसणारा स्वतः त्या हास्याच्या कक्षेत कधीच येत नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’तही (१८५७) रूढींनी केलेल्या विटंबनेची करुणा आहे, प्रचारकाची कळकळ आहे, स्वतःच्या श्रद्धेकडे मिस्कीलपणे पाहण्याइतकी सैल जागा मात्र नाही. नव्याने धर्म स्वीकारलेल्या आणि त्यापायी घरदार गमावलेल्या पहिल्या पिढीला ती परवडणारीही नव्हती.

आणि तरीही मराठी भक्तिपरंपरेत ही सैल जागा फार पूर्वीपासून होती. एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोघे परस्परांच्या देवाची यथेच्छ टवाळी करतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. तुकाराम विठ्ठलाशी भांडतात, त्याला त्याच्या थोरवीचा हिशेब मागतात. देवाला असे बोलणे हा तेथे अविश्वासाचा पुरावा समजला जात नाही. उलट ती सलगीची खूण मानली जाते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची धारणा होती. कीर्तन, अभंग, भजन यांना ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून देण्याची त्यांची धडपड याच धारणेतून आली. लक्ष्मीबाईंनी त्या पुलावरून काय आणले, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. त्यांनी देवाशी सलगीने बोलण्याची रीत गद्यात आणली, आणि तीही स्वयंपाकघराच्या गद्यात.

‘स्मृतिचित्रे’चा आरंभ सोवळ्याच्या हकिगतीने होतो, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. विटाळाच्या भयाने घरात येणाऱ्या वस्तू धुवाव्या लागत, माणसे तर सारखीच धुतली जात. या वेडापायी आईची आणि मुलांची जी त्रेधा उडे तिचे वर्णन वाचताना हसू आवरत नाही. पण हसता हसता वाचकाच्या ध्यानात येते की त्या पाण्याखाली एका सुळावर गेलेल्या माणसाची आठवण आहे आणि एका सबंध कुटुंबाची होरपळ आहे. लेखिका वडिलांवर रागावत नाही, त्यांना खलपुरुष करीत नाही, आणि कर्मकांडावर व्याख्यानही देत नाही. मिशनरी वादवाङ्मयाला याहून मोठे घबाड कोणते मिळाले असते? तिने ते वादासाठी वापरले नाही. येथेच विनोद उपहासापासून वेगळा होतो. शुद्धी कशाने होते, हा धर्मशास्त्रातला अत्यंत जुना प्रश्न येथे ओल्या कपड्यांच्या आणि रिकाम्या झालेल्या घागरींच्या भाषेत विचारला गेला आहे.

हे सोवळे पुढे लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या अंगी येते, आणि मग हास्याचे पात्र त्या स्वतः होतात. पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे राहावयास आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हेत. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. छप्पर एक, पण स्वयंपाक आणि पाणी वेगळे. या व्यवस्थेतील अडचणी, तडजोडी आणि पळवाटा त्यांनी ज्या बारकाईने सांगितल्या आहेत तिला तोड नाही. वडिलांच्या वेडाला हसणारी मुलगी आता त्याच वेडाचे नियम पाळीत आहे आणि हे तिला लिहिताना पुरते ठाऊक आहे. पुढे एके दिवशी एकांतात त्या विचार करू लागतात : जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांच्या जातींप्रमाणे माणसांच्या देहावरही तिची काही खूण नसती का दिली? माणसांत त्याने भेद केला तो स्त्री आणि पुरुष एवढाच. हा युक्तिवाद कोणत्याही धर्मग्रंथातून घेतलेला नाही. घरच्या व्यवहारात पारखून घ्यावे तशी एका संसारी स्त्रीने देवाच्या कारागिरीची केलेली ती तपासणी आहे. जातीचा प्रश्न असा सुटल्यावर कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय होतो. ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतर येतो. धर्मांतराच्या कथनात श्रद्धा प्रथम आणि आचार नंतर असा क्रम रूढ आहे. लक्ष्मीबाईंनी तो उलटा सांगितला आणि त्यात काही विपरीत आहे असे त्यांना वाटले नाही. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’शी या भागाची तुलना करणाऱ्याने हा क्रम आधी पाहावा.

दुसरा प्रश्न देवावर विसंबण्याचा. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. समोर आलेल्या गरजवंताला ते असेल ते देऊन मोकळे होत. दुष्काळानंतर पोरक्या मुलांना घरी आणण्याचा परिपाठ पडला तेव्हा तर शिध्याचा हिशेब लागेना. उद्याची चिंता करू नका, हा डोंगरावरील प्रवचनाचा उपदेश टिळकांनी अक्षरशः घेतला. आणि उद्याची चिंता न करणाऱ्याच्या घरात ती दुसऱ्या कोणालातरी करावी लागते, हे सत्य लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. ‘स्मृतिचित्रे’तील पुष्कळ विनोद या श्रमविभागणीतून निर्माण झाला आहे. टिळकांची उदारता खोटी होती असे लेखिका कोठेही सुचवीत नाही. तिला ती पूज्य वाटते आणि त्याच वेळी ती असह्य होते. एकाच वाक्यात ही दोन्ही टोके धरण्याची तिची हातोटी आहे. देव पुरवितो काय, या प्रश्नाला ग्रंथ ‘होय’ असे उत्तर देतो, पण कोणाच्या हातांनी पुरवितो हेही सांगून ठेवतो. स्त्रीवादी वाचनाने यातील दुसरा अर्धा भाग अचूक टिपला आहे. पहिला अर्धा भाग गाळला तर मात्र विनोदाचा ताणच नाहीसा होतो, आणि उरते ती एका सोशिक पत्नीची तक्रार. लक्ष्मीबाई सोशिक नव्हत्या आणि तक्रारखोरही नव्हत्या.

धर्म बदलल्याने माणूस बदलतो काय, या प्रश्नाबाबत त्या अधिकच निर्भय आहेत. टिळकांचा शीघ्रकोप बाप्तिस्म्यापूर्वी होता तसाच पुढेही दिसतो. रुसवे आणि समेट तितकेच. एखाद्या मिशन-मुखपत्रातील चरित्रकाराने या जागा सारवून घेतल्या असत्या. येथे त्या उघड्या ठेवल्या आहेत, आणि तरीही टिळकांच्या श्रद्धेच्या सच्चेपणाविषयी वाचकाच्या मनात शंका उरत नाही. अनुयायांच्या वर्तनावरून धर्म खोटा ठरतो, हा वादपटूंचा आवडता आक्षेप असे. त्याला दिलेले याहून प्रामाणिक उत्तर मराठीत क्वचितच सापडेल, आणि ते प्रतिवादाच्या रूपात नाही.

जेथे हास्य थांबते त्या जागाही पाहिल्या पाहिजेत. कोवळ्या मुलांचे मृत्यू, पतीच्या धर्मांतराची वार्ता आल्यानंतरचे दिवस, प्लेग : येथे वाक्ये आखूड होतात. निर्दोषाला दुःख का, या प्रश्नापुढे लक्ष्मीबाई विनोद करीत नाहीत आणि समाधानही सांगत नाहीत. कीर्केगार्दने १८४६ च्या ग्रंथात विनोदाला नैतिक आणि धार्मिक जीवनांच्या सीमेवरचा प्रदेश म्हटले होते. श्रद्धेच्या उंबऱ्याशी विनोद माणसाला पोचवितो, आत मात्र नेत नाही, असा त्याचा आशय. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाला ही कल्पना निम्मीच लागू पडते. त्यांचा विनोद उंबरा ओलांडूनही पुढे चालतो. फक्त मृत्यूच्या खोलीच्या दाराशी तो चपला काढून ठेवतो.

मराठी विनोदाच्या इतिहासात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नी धर्माचारांवरील हास्याला प्रतिष्ठा दिली. सुदामा, बंडूनाना ही कल्पित पात्रे रूढींचे समर्थन करता करता त्यांचा पराभव घडवून आणतात. लेखक या सर्वांच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर असतो. परसाईंच्या व्यंग्यातही, त्याची धार कितीतरी निराळी असली तरी, श्रद्धा ही परक्याची वस्तू आहे. १९८२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या संग्रहाचे ‘विकलांग श्रद्धा का दौर’ हे नावच पुरेसे बोलके आहे. विकलांग श्रद्धेवर हसण्यासाठी परसाई हवेत. धडधाकट श्रद्धेवर, तीही स्वतःच्या, हसण्याचे काम वेगळे आहे. त्यासाठी हसणाऱ्याला ती गमावण्याचे भय असावे लागत नाही. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून या आठवणी क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या तेव्हा लक्ष्मीबाईंनी साठी ओलांडलेली होती, टिळकांना जाऊन (१९१९) बरीच वर्षे लोटली होती, आणि ज्या दोन्ही समाजांनी या कुटुंबाला कधी ना कधी पारखे केले त्यांच्याविषयी मनात किल्मिष उरले नव्हते.

अनुवादांची शीर्षके या संदर्भात तपासण्यासारखी आहेत. जोसेफिन इंकस्टर यांचा १९५० चा इंग्रजी अनुवाद ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने प्रसिद्ध झाला. शीर्षकात अनुगमन आहे, पतीचे आणि ख्रिस्ताचे. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाचे उपशीर्षक एका तेजस्वी, बाणेदार पत्नीच्या आठवणी असे सांगते. एका शीर्षकाने शिष्या उचलली, दुसऱ्याने मानी बाई. मराठी वाचकाला या दोघी एकाच वाक्यात भेटतात, कधी तर एकाच क्रियापदात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केला. तो सश्रद्ध, नेटका आणि माहितीपूर्ण आहे. देवाशी हुज्जत घालणारा आवाज मात्र त्यात ऐकू येत नाही.