पडून राहिलेल्या रोहित्राची रोधन-तपासणी
(विजेची यंत्रे : लेखांक ९)

भांडारात एकदोन पावसाळे पडून राहिलेले रोहित्र बाहेरून कोरे दिसले, तरी ते थेट वाहिनीला जोडता येत नाही. नुसत्या साठवणीने गाभा आणि वेटोळी सहसा खराब होत नाहीत. खराब होते ते रोधन, म्हणजे वेटोळ्यांवरचा कागद, प्रेसबोर्ड आणि त्यांत मुरलेले तेल.

दिवसा तापलेले तेल प्रसरण पावून हवा बाहेर ढकलते, रात्री आकसून ती आत ओढते. ही हवा ब्रीदरमधल्या सिलिका जेलमधून जाते. चालू रोहित्राचे जेल वेळोवेळी बदलले जाते. भांडारातल्या रोहित्राचे जेल निळ्याचे गुलाबी होऊन तसेच राहते आणि दमट हवा थेट आत शिरते. कडक झालेल्या गास्केटमधूनही ओल झिरपते. उघड्यावरचा पापड सादळावा तसा सेल्युलोजचा कागद सादळतो. रोहित्रातल्या एकूण पाण्याचा बहुतेक भाग कागदात असतो, तेलात अगदी थोडा. त्यामुळे कोणत्याही एका चाचणीच्या आकड्यावर निर्णय घेता येत नाही.

आधी तेलाची पातळी, गळती, जेलचा रंग आणि बुशिंगच्या चिरा पाहतात. मग तळाच्या व्हॉल्व्हमधून कोरड्या बाटलीत तेलाचा नमुना घेतात, कारण पाणी तळाशी साचते. २.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडांमधले तेल किती दाबाला फुटते, ते सहा वेळा मोजून सरासरी काढतात. नव्या, न गाळलेल्या तेलालाही किमान ३० किलोव्होल्ट सोसावे लागतात. आकडा कमी आला तर तेल ओले किंवा मळलेले आहे हे नक्की. चांगला आला, तर मात्र कागद कोरडा असल्याची खात्री मिळत नाही. थंड रोहित्रात ओल कागदात दडून असते, तापल्यावर ती तेलात उतरते. म्हणूनच नुसते तेल गाळून चाचणी जिंकता येते, रोधन मात्र सुधारलेले नसते.

त्यानंतर मेगर, म्हणजे रोधनाचा रोध मोजण्याचे यंत्र. बाहेरच्या सर्व तारा आणि न्यूट्रलचे अर्थिंग सोडवून बुशिंग कोरड्या फडक्याने पुसतात. उच्चदाबाची तिन्ही टोके एकत्र जोडतात. लघुदाबाची टोके न्यूट्रलसह वेगळी एकत्र जोडतात. उच्चदाब ते टाकी, लघुदाब ते टाकी आणि उच्चदाब ते लघुदाब अशी तीन मापे घेतात. ११ किलोव्होल्ट/४३३ व्होल्टच्या वितरण रोहित्रात उच्चदाब बाजूला सहसा २,५०० व्होल्टचा आणि लघुदाब बाजूला ५०० किंवा १,००० व्होल्टचा मेगर वापरतात. टाकी निर्वात केलेली असताना मेगर लावू नये. मापानंतर वेटोळ्यात विद्युतभार साठून राहतो. तो अर्थला सोडल्याशिवाय टोकांना हात लावू नये.

प्रत्येक मापाशेजारी तेलाचे तापमान लिहिणे आवश्यक असते. तापमान १० अंशांनी वाढले की रोधाचा आकडा साधारण निम्मा होतो. ११ किलोव्होल्टच्या वेटोळ्यासाठी भारतात प्रचलित असलेली किमान मूल्ये ३० अंशांना ४००, ४० अंशांना २०० आणि ६० अंशांना ५० मेगओहम अशी आहेत. म्हणजे ३०० मेगओहम हा आकडा ४० अंशांना समाधानकारक, पण ३० अंशांना अपुरा.

तापमानाचा हा अडसर बराचसा टाळण्यासाठी एका मिनिटाचे आणि दहा मिनिटांचे माप घेऊन त्यांचे गुणोत्तर काढतात. त्याला ध्रुवीकरण निर्देशांक म्हणतात. कोरड्या रोधनात विद्युतप्रवाह हळूहळू ओसरतो, त्यामुळे रोध मिनिटागणिक चढत जातो. ओल्या रोधनात गळतीचा प्रवाहच मोठा असल्याने आकडा जवळजवळ जागीच राहतो. गुणोत्तर २ च्या वर असेल तर रोधन चांगले, १ च्या आसपास असेल तर संशयास्पद. तेलाने भरलेल्या लहान रोहित्रांत मात्र कोरड्या स्थितीतही हे गुणोत्तर कमी येऊ शकते. म्हणून ते तेलाच्या चाचणीबरोबर आणि कारखान्याच्या चाचणी-प्रमाणपत्रातील आकड्यांशी ताडून वाचतात.

रोधन ओले ठरले तर फिल्टर यंत्रातल्या निर्वातात तेल साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून टाकीतून फिरवतात आणि ठरावीक अंतराने मेगरची मापे घेतात. सुरुवातीला आकडा घसरतो, कारण तापमान वाढते आणि कागदातली ओल सुटू लागते. मग तो काही काळ खालीच रेंगाळतो. तापमान स्थिर असताना तो पुन्हा चढून टिकला, तरच कागद सुकला असे समजावे. घसरण पाहून घाबरणे किंवा पहिल्या चढालाच यंत्र बंद करणे, दोन्ही चुकीचे.

रोहित्र थंड झाल्यावर तेल आणि मेगर या दोन्ही चाचण्या पुन्हा होतात. वेटोळ्यांचे गुणोत्तर आणि रोध तपासले जातात. त्यानंतर रोहित्र काही तास भाराविना चालवून आवाज व तापमान नेहमीसारखे असल्याची खात्री झाली, की त्यावर भार देता येतो.