शब्द रोजचाच, वाक्य नवं!

‘मले नाही बाई इंग्रजी येत,’ असं म्हणणाऱ्या आमच्या वडनेरच्या बायका दिवसभरात किती इंग्रजी शब्द बोलतात, ते कधी मोजलंय? गॅस, कुकर, मिक्सर, टिफिन, चार्जर... शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा ‘बटन दाब’ म्हणते. म्हणजे शब्द आहेत आपल्याकडे. अडतं ते वाक्यापाशी.

आमच्या पिढीनं एबीसीडी गिरवली ती पाचवीत. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. लेकरू पुस्तक घेऊन आईजवळ येतं आणि आई म्हणते, ‘बाबा आले की विचार.’ रोज असं झालं, की आईला काही येत नाही, हे लेकराच्या मनात पक्कं बसतं. पुढे तीच आई पालकसभेत मागच्या रांगेत गप्प बसते. बचत गटाचं काम करताना अशा कितीतरी हुशार बायका मी पाहते. हिशेबात एक रुपया चुकत नाही, पण कुणी दोन इंग्रजी वाक्यं फेकली की मान खाली जाते.

2012 साली गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ आला. त्यातली लाडू करून विकणारी शशी गोडबोले आपल्यातलीच. घरचे तिच्या इंग्रजीला हसतात, आणि ती न्यूयॉर्कला चार आठवड्यांच्या क्लासला जाते. आपल्याला न्यूयॉर्क कुठलं? आपला क्लास स्वयंपाकघरात! रोज घरातला एक शब्द घ्यायचा आणि दिवसभर वाक्यात वापरायचा.

आज ‘लाईट’ घेऊ या.

खोलीत अंधार झाला. ‘लाईट लाव’ याला इंग्रजीत म्हणायचं, ‘स्विच ऑन द लाइट.’ बंद करायचा तर ‘स्विच ऑफ द लाइट.’ ‘क्लोज द लाइट’ नको. क्लोज होतं ते दार.

देवापाशी दिवा लावायचा असेल, तर स्विच नाही. तिथे ‘लाइट द लॅम्प.’ मराठीत दोन्हीकडे ‘लावणे’च, इंग्रजीत मात्र ज्योत पेटवायची तर ‘लाइट’ हेच क्रियापद होतं.

वीज गेली की आपल्याकडे ‘लाईन गेली’ म्हणतात, पुण्याकडे ‘लाईट गेले.’ इंग्रजीत सरळ म्हणा, ‘देअर इज नो पॉवर.’

दिवे मोजता येतात, म्हणून ‘टू लाइट्स.’ उजेड मोजता येत नाही, म्हणून ‘देअर इज नॉट मच लाइट हिअर’, इथे फारसा उजेड नाही.

आणि साडीच्या दुकानात आपण ‘लाईट कलर दाखवा’ म्हणतोच की! तोच फिक्का. ‘आय वाँट अ लाइट ग्रीन सारी.’ पिशवी हलकी असेल तर ‘धिस बॅग इज लाइट.’ एकाच शब्दात दिवा, उजेड, पेटवणं, फिक्कं आणि हलकं!

स्पेलिंगचं म्हणाल, तर मधले जी-एच मुके. पण ते एकदा लक्षात ठेवलं, की नाइट, राइट, फाइट, टाइट सगळे त्याच साच्यातले. पहिलं अक्षर तेवढं बदलायचं.

आणि भीती कसली? इंग्रजांनीही शब्द उसने नेलेच आहेत. आपली चटणी, बंगला, खाट त्यांच्या कोशात जाऊन बसली. ‘माँगूस’ तर मराठीच्या मुंगसावरूनच गेलं. त्यांना मुंगूस नीट म्हणता आलं नाही, म्हणून ते थोडेच गप्प बसले?

उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल. लेकरू हसलं, तर आपणही हसावं आणि त्यालाच विचारावं, ‘मग तू कसं म्हणशील?’ त्याचाही अभ्यास होतो, अन् आईसुद्धा शिकते आहे हे त्याला दिसतं. गटाच्या बैठकीतही शेवटची पाच मिनिटं एका शब्दाला द्यायला हरकत नाही.

तर मैत्रिणींनो, उद्याचा शब्द ‘वॉटर.’ पाणी तर झालंच, पण तुळशीला पाणी घालायचं तेही ‘वॉटर’च. ‘आय वॉटर द तुळस एव्हरी मॉर्निंग.’ तुळशीला तुळसच म्हणा. पुढचं वाक्य तुमचं तुम्ही करा!