पेण ते धाटाव : नेटवर्क इंजिनिअरचा एक दिवस

पहाटे ५.००
घरात जाग यायच्या आत लॅपटॉप उघडतो. नेटवर्किंगमधल्या सीसीएनपी प्रमाणपत्राचा दुसरा पेपर जवळ आलाय. एक मुख्य पेपर, एक आवडीच्या विषयाचा; फी ४०० आणि ३०० डॉलर, कर वेगळा. पेणमध्ये राहून कमावणाऱ्याला ही रक्कम जड जाते, त्यामुळे नापास होणं परवडत नाही. ईव्हीई-एनजी या सरावाच्या सॉफ्टवेअरवर लॅपटॉपमध्येच राउटर उभे करतो, जोडणी मुद्दाम बिघडवतो आणि कारण शोधत बसतो.

सकाळी ८.००
मोटारसायकलने वडखळ, नागोठणे, भिसे खिंड, रोहा. पुढे धाटाव एमआयडीसी. इथल्या रासायनिक कारखान्यांची नेटवर्कं आमची छोटी कंपनी सांभाळते.

सकाळी ९.३०
एका कारखान्याच्या गेटवर टँकर खोळंबलेत. गोदामाचा मुख्य ऑफिसशी संपर्क नाही, त्यामुळे ई-वे बिल निघत नाही. आमचा नवा मुलगा पहाटेपासून केबल बदलतोय. “दादा, पिंग जातोय, तरी रूट येत नाहीत!” राउटरवर पाहिलं तर ओएसपीएफची, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीची, जोडी ‘एक्सस्टार्ट’ या सुरुवातीच्या टप्प्यावर अडकलेली. ओळख देणारी हॅलोची पाकिटं लहान असतात, ती सहज जातात. पुढच्या देवाणघेवाणीत मात्र दोन्ही राउटर आपापला एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या आकाराची कमाल मर्यादा, एकमेकांना कळवतात. रात्री पलीकडे नवा राउटर बसला होता. त्याचा एमटीयू १४००, आमचा १५००. आपल्यापेक्षा मोठा आकडा दिसला की राउटर ते पाकीट नाकारतो. दोन्हीकडे एकच आकडा केला, आणि टँकर सुटले.

हा बिघाड मी पहाटेच्या सरावात अनेकदा घडवलाय. प्रमाणपत्राची खरी किंमत इथे कळते. अभ्यासामुळे शोधाला क्रम येतो : आधी काय चालतंय ते पाहायचं, मग नेमकं कुठे थांबलंय ते, आणि पुरावा हातात आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

दुपारी १.००
डबा खाताना मालकांचा फोन. एका टेंडरमध्ये सीसीएनपी झालेल्या इंजिनिअरची अट आहे. उपकरणं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही भागीदाराला दर्जा देताना त्याच्याकडे प्रमाणित माणसं किती, हे बघतात. म्हणजे माझ्या नावावरच्या परीक्षेवर मालकांचा धंदाही उभा असतो. त्यांनी पास झाल्यावर फी परत देण्याचं कबूल केलंय. परीक्षेआधी भरपगारी सुट्टीही द्यावी, असं मी आज स्पष्ट सांगितलं. ते “हो” म्हणाले.

दुपारी ३.००
दुसऱ्या कारखान्यात पर्यायी लिंकची तपासणी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात या भागातली वीज आणि मोबाईल दोन्ही कोलमडले. तेव्हापासून इथे दोन लिंक घेण्याचा आग्रह असतो. पण दोन्ही फायबर एकाच चरातून जात असतील तर रस्त्याच्या कामात जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडतो. कागदावर दोन, जमिनीत एक. म्हणून मार्ग चालत जाऊन पाहिला आणि दुसरी लिंक वायरलेसने घ्यावी, असा अहवाल दिला.

संध्याकाळी ५.००
नव्या मुलाला सीसीएनए, म्हणजे सीसीएनपीच्या खालच्या पायरीचं प्रमाणपत्र, करायचंय. कुणीतरी त्याला पाठ करायला जुने प्रश्नसंच दिलेत. मी ते बंद करायला लावले. पाठांतरावर पास झालेला माणूस गेटवरच्या टँकरपुढे निरुत्तर होतो, आणि मग मालकांचा सगळ्याच प्रमाणपत्रांवरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा सकाळचाच बिघाड त्याच्याकडून पुन्हा घडवून घेतला. बिघाडाचं कारण त्याने स्वतः शोधलं.

रात्री ९.००
पेणला पोचून परीक्षेची वेळ नोंदवली. घरबसल्याही देता येते, पण पावसाळ्यात वीज आणि इंटरनेटचा भरवसा नाही. नवी मुंबईच्या केंद्रावर जाणंच बरं. पास झालो तरी मुदत तीनच वर्षं. ते योग्यच आहे, कारण तंत्रही तितक्याच वेगाने बदलतं. पुढे कधीतरी सीसीआयई ही १९९३पासून चालू असलेली वरची पायरी गाठायची आहे. तिची आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा हात आणि डोकं दोन्ही तपासते. मालकांनी अशा अभ्यासासाठी पैशाइतकाच वेळ द्यावा. तो धाटावच्या प्रत्येक वाचलेल्या तासात परत मिळतो.