शेअर फोल्डर उघडत नाही? पासवर्ड काढण्याआधी संदेश वाचा



काही शाळांत आणि घरांतही आता राऊटरला जोडलेली एक छोटी पेटी असते. आत हार्ड डिस्क असते आणि सगळे संगणक तिच्यावरच्या फाइल वापरतात. हिलाच नेटवर्क स्टोरेज किंवा नॅस म्हणतात. निकालाच्या दिवसांत नेमका तिचा फोल्डर उघडत नाही आणि कुणीतरी म्हणतं, "पासवर्डच काढून टाका ना!"

तसं करू नका. त्या फोल्डरमध्ये मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, गुण असं सगळं असतं. पासवर्ड काढला की वाय-फायवर येणाऱ्या कुणालाही ते दिसेल. शिवाय विंडोज ११ प्रोच्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीत बिनपासवर्डचा 'गेस्ट' प्रवेश मुळातच बंद असतो. म्हणजे पासवर्ड काढूनही फोल्डर उघडेलच असं नाही.

मग करायचं काय? स्क्रीनवरचा संदेश नीट वाचायचा. अडचण रस्त्याची, ओळखीची की परवानगीची, हे त्यावरून कळतं.

१) 'नेटवर्क पाथ सापडला नाही'

ही रस्त्याची अडचण. इथे पासवर्डचा प्रश्न अजून आलेलाच नाही. पेटी चालू आहे का, वायर घट्ट आहे का, ते पहा. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर किंवा राऊटरच्या गेस्ट वाय-फायवर असेल, तर पेटी सहसा दिसत नाही. राऊटर बंद-चालू झाल्यावर पेटीचा आयपी पत्ता बदललेला असू शकतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा. पेटी फार जुनी असेल तर तिला एसएमबी १ हीच जुनी पद्धत येत असेल. विंडोज १० मध्ये २०१७ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती बंद असते. ती पुन्हा चालू करणं धोक्याचं आहे. त्यापेक्षा पेटीचं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि तिच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ निवडा.

२) 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे'

ही ओळखीची अडचण. इथे पेटीवर बनवलेलं खातं लागतं. संगणक सुरू करताना आपण टाकतो तो पिन इथे चालत नाही. पेटीवरचा पासवर्ड बदलला असेल, तर विंडोज बऱ्याचदा जुनाच पाठवत राहतं. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये पेटीच्या नावाची किंवा आयपीची जुनी नोंद काढून टाका आणि संगणक रीस्टार्ट करा. तरी अडलं तर युजरनेमच्या आधी पेटीचं नाव आणि उलटी तिरपी रेघ देऊन पहा.

कधी १२१९ हा क्रमांक दिसतो. त्याचा अर्थ, याच संगणकावरून त्याच पेटीला दुसऱ्या नावाने आधीच जोडणी झाली आहे. विंडोज एका वेळी एकच ओळख चालवतं. आधीची जोडणी तोडा किंवा साइन आउट करून पुन्हा या.

३) 'परवानगी नाही'

रस्ता बरोबर, ओळखही पटली, पण खोलीची परवानगी नाही. शिपाईमामांनी फाटकातून आत सोडलं म्हणून ऑफिसचं कपाट आपोआप उघडत नाही, तसंच हे. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकू नका. काही पेट्या चुकीच्या प्रयत्नांनंतर संगणकाचा पत्ताच अडवतात. ज्यांच्याकडे अॅडमिन लॉगिन आहे, त्यांनी त्या खात्याला त्या फोल्डरची परवानगी आहे का ते पहावं. शिक्षक ज्या गटात आहेत त्या गटालाच 'प्रवेश नाही' असेल, तर तो नकार सहसा वरचढ ठरतो. फोल्डर उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही, तेव्हा परवानगी फक्त वाचण्याची असते.

आता मुख्य सवय. सगळ्या शाळेला एकच पासवर्ड ठेवू नका. एखाद्या शिक्षकाची बदली झाली की किल्लीही त्यांच्याबरोबर जाते आणि मग सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो. प्रत्येकाचं खातं वेगळं असेल, तर एकच खातं बंद केलं की काम झालं. अॅडमिनचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात असावा.

पालकांनीही घरच्या पेटीला हेच तीन प्रश्न विचारावेत: रस्ता आहे का? ओळख पटते का? परवानगी आहे का? याच क्रमाने गेलं की कुलूप न काढताही दार उघडतं.